जुनी जीप, मोजका पैसा आणि कामांचा क्रम

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे जुन्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणाऱ्या, जीपविषयी आहेत. हातातला पैसा आणि मनातली कामे यांचा मेळ बसत नाही, ही अडचण त्यांतल्या जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत. उत्तरे जिथे गरज वाटली तिथे विस्ताराने दिली आहेत.

प्रश्न : माझ्या काकांची १९९२ ची महिंद्रा एमएम ५४० ही डिझेल फोर बाय फोर जीप काही वर्षे शेडमध्ये उभी होती. ती आता माझ्याकडे आली आहे. बाग डोंगरउतारावर असल्याने मला तिचा खरोखर उपयोग आहे. हाताशी दोन लाख रुपये आहेत. गॅरेजवाले म्हणतात की बॉडी पूर्ण उतरवून आधी पत्राकाम आणि रंग करून घ्या, बाकीचे नंतर बघू. हे योग्य आहे का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : हा सल्ला आपण मानू नये, असे स्पष्टपणे सांगतो. रंगकाम वाईट नाही, पण ते शेवटचे काम आहे. ते आधी केले तर आपल्या रकमेतला मोठा वाटा पत्र्यावर जाईल आणि पुढे ब्रेकची नळी बदलताना किंवा इंजिन उतरवताना त्याच नव्या रंगावर ओरखडे उठतील. याहून मोठा धोका असा, की जीप एकदा पूर्ण सुटी झाली आणि मध्येच पैसा संपला, तर ती बहुधा पुन्हा जोडली जात नाही. सुट्या भागांच्या रूपात विकल्या गेलेल्या कितीतरी चांगल्या जीप गॅरेजांच्या मागच्या अंगणात मी पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक उघडल्या त्या दिवशी स्वतःच्या चाकांवर चालत आत आल्या होत्या. म्हणून एका वेळी एकच भाग उघडावा, तो पूर्ण करून जोडावा आणि मगच पुढच्या भागाला हात लावावा.

पहिला खर्च कागदांवर करावा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. आपल्या जीपचे ते किती काळ थकले आहे हे आरसी बुकावरून लगेच कळेल. नूतनीकरणाचा अर्ज नमुना २५ मध्ये करतात. एप्रिल २०२२ पासून हलक्या मोटार वाहनाचे हे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले, वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते आणखी जास्त आहे, आणि विलंबाचे शुल्क महिन्यागणिक वाढत जाते. शिवाय आपल्या राज्यात पर्यावरण कर भरावा लागतो. काका हयात असतील तर मालकी बदलासाठी नमुना २९ आणि ३० लागतील. नसतील तर वारसाच्या नावे नोंद करण्यासाठी नमुना ३१ लागेल. हा सगळा आकडा आरटीओत जाऊन आधी कागदावर मांडून घ्यावा, कारण तो आपल्या दोन लाखांतूनच जाणार आहे. चासीवर ठोकलेला नंबर वायर ब्रशने हलक्या हाताने साफ करून तो वाचता येतो ना, हेही पाहून ठेवावे. पासिंगच्या वेळी त्याची पेन्सिलने छाप घेतात; त्या जागी ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालवू दिले, तर चांगली गाडीही कागदावर संशयास्पद ठरते.

यानंतर इंजिन. ते फिरते एवढ्यावर समाधान मानून बॅटरी जोडून स्टार्टर मारू नये. आधी डिझेलची टाकी उतरवून धुऊन घ्यावी, कारण वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या टाकीच्या तळाशी पाणी, गंज आणि काळा चिकट गाळ साचतो, आणि तो पंपात गेला तर पंप आणि नोझलचे काम अंगावर येते. दोन्ही डिझेल फिल्टर, इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलावेत, इंजिन पान्याने हाताने दोन-चार फेरे फिरवावे आणि मगच सुरू करावे. आपल्या जीपमध्ये प्युजो घडणीचे २,११२ सीसीचे एक्सडीपी ४.९० इंजिन आहे. ते थंड असताना हीटर प्लगच्या मदतीने पेटते. त्यामुळे सकाळी सुरू व्हायला त्रास झाला तर इंजिनाला दोष देण्याआधी चारही हीटर प्लग तपासावेत. या इंजिनाचा खरा शत्रू उष्णता आहे. एकदा जोरात तापले की हेडला (सिलिंडरांवरच्या जड झाकणाला) तडा जाण्याची भीती असते. म्हणून रेडिएटर रॉडिंग करून (नळ्या आतून साफ करून) घ्यावा, सर्व होज पाइप, पंख्याचा पट्टा आणि वॉटर पंप पाहावा, आणि साध्या पाण्याऐवजी कूलंट वापरावे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती कृपया स्वीकारू नये. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, धूर वाढतो, झीज वाढते, आणि रेडिएटरमधला मूळ दोष तसाच लपून राहतो.

आता सर्वांत महत्त्वाचे काम, म्हणजे ब्रेक. या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि उभ्या गाडीत आतली रबरे आधी मरतात. चारही ड्रम उतरवावेत. मागचा हब निमुळत्या अ‍ॅक्सलवर चावी घालून बसवलेला असेल, तर तो काढायला पुलरच वापरावा. हातोड्याने ठोकून काढला तर त्या ठोक्याचा मार आतल्या बेअरिंगवर बसतो. ड्रम निघाला की व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांची रबरी टोपी बोटाने किंचित उचलून पाहावी. आत ओल दिसली तर सिलिंडर गळत आहे. लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारे अस्तर) ओले असेल तर ते कशाने ओले आहे हे ओळखणे सोपे आहे: ब्रेक ऑइल पातळ असते आणि पाण्याने धुऊन जाते, गिअर ऑइल जाड असते, त्याला गंधकासारखा उग्र वास असतो, आणि ते आढळले तर अ‍ॅक्सलचे ऑइल सील गेलेले आहे. तेल प्यायलेले लायनर भाजून किंवा पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवतात, ते चालवून घेऊ नये. दोन्ही बाजूंची लायनर आणि सिलिंडर जोडीनेच बदलावीत, नाहीतर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते. मास्टर सिलिंडर, तिन्ही रबरी होज आणि चासीवरून जाणारी लोखंडी नळीही बदलावी. ही नळी बाहेरून धड दिसते, पण क्लिपच्या खाली गंजून कागदासारखी पातळ झालेली असते. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करावी.

स्टिअरिंगविषयी खाली दुसऱ्या पत्राच्या उत्तरात सविस्तर लिहिले आहे. टायरमध्ये नक्षी शिल्लक असली तरी त्यांचे वय पाहावे. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो, त्यातले पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. म्हणजे २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. शेडमध्ये उभ्या गाडीचे टायर बाजूने तडकलेले असतातच, आणि डोंगरउतारावर तसे टायर वापरू नयेत. वायरिंग मात्र तुकड्यातुकड्याने जोडत बसण्यापेक्षा पूर्ण नवे करून घ्यावे. जीपला लागणाऱ्या वायरी फार नाहीत. फ्यूज बॉक्स, हेडलाइटसाठी रिले, आणि इंजिन, चासी व बॅटरी यांच्यामधले जाड अर्थिंग एवढे नीट केले की अर्ध्या तक्रारी संपतात. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर डायनॅमोची बाजू ठीक आहे असे समजावे.

पैशांबद्दल माझे मत असे, की दोन लाखांपैकी चाळीस हजार रुपये आजच बाजूला काढावेत आणि जीप दुरुस्तीनंतर पहिले हजार किलोमीटर चालेपर्यंत त्यांना हात लावू नये. क्लच, पाण्याचा पंप, गिअरबॉक्सचे बेअरिंग अशी कामे गाडी चालायला लागल्यावरच समोर येतात, आणि त्या वेळी हात रिकामा असेल तर जीप पुन्हा शेडमध्ये जाते. सुटे भाग मिळण्याची चिंता करू नये. महिंद्राने विलीस जीपची मूळ घडण कित्येक दशके फारशी न बदलता वापरली, त्यामुळे पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला गेलात तर बहुतेक भाग आजही मिळतात. फक्त जुना भाग सोबत न्यावा, कारण वर्षागणिक लहान बदल झालेले आहेत. आरसा, दाराची कडी, सीटचा सांगाडा, बंपर हे भंगारातून खुशाल घ्यावे. ब्रेकचे रबर, होज, टायर आणि स्टिअरिंगचे सांधे भंगारातून कधीही घेऊ नयेत.

प्रश्न : माझी जीप सुमारे ४५ किलोमीटरच्या वेगाला खड्डा लागला की पुढून जोरजोरात थरथरते, स्टिअरिंग हातात राहत नाही, गाडी जवळजवळ थांबवावी लागते. स्टिअरिंग डॅम्पर बसवला, काही दिवस बरे वाटले, पुन्हा तेच. आता मेकॅनिक स्टिअरिंग बॉक्स बदलायला सांगत आहेत. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : स्टिअरिंग बॉक्स घेण्याची घाई करू नये. हा दोष जुन्या जीपच्या पुढच्या अ‍ॅक्सलचा नेहमीचा आहे आणि बहुतेक वेळा तो किंगपिनच्या, म्हणजे पुढचे चाक ज्या उभ्या पिनेवर वळते तिच्या, बेअरिंगमध्ये सापडतो. डॅम्परने थरथर दबते, कारण मात्र तसेच राहते. म्हणूनच आपल्याला काही दिवस बरे वाटले.

तपासणी घरीही करता येते. पुढचे एक चाक जॅकवर उचलावे, मागच्या चाकांना दगड लावावेत, आणि चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवावे. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर तो व्हील बेअरिंगचा आहे. ब्रेक दाबूनही राहिला तर तो किंगपिनचा आहे. ही एक चाचणी कितीतरी अनावश्यक खरेदी वाचवते. किंगपिनच्या वर आणि खाली पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) असतात आणि त्यांच्या जाडीवर बेअरिंगचा दाब ठरतो. बेअरिंग चांगली असतील तर वरून आणि खालून सारख्याच जाडीचे शिम काढून तो दाब पुन्हा आणता येतो. बेअरिंगच्या वाटीवर रोलरचे खळगे पडले असतील तर मात्र ती बदलावीच लागतात. दाब योग्य आहे की नाही हे टाय रॉड (दोन्ही पुढची चाके जोडणारा दांडा) सोडून आणि अ‍ॅक्सलच्या टोकाच्या गोलाचे फेल्ट सील सैल करून नकलवर (चाक धरणाऱ्या वळत्या भागावर) वजनकाट्याने ओढून पाहतात. आपल्या शहरात उद्यमनगरला लेथवर्कचे जाणते कारागीर आहेत, तेव्हा किंगपिनची जागा झिजली असेल तर तिचे कामही तिथे नीट होऊ शकेल.

किंगपिननंतर टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक आणि, आपल्या जीपला असेल तर, मधला बेल क्रँक पाहावा. इंजिन बंद ठेवून कोणाला तरी स्टिअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवायला सांगावे आणि स्वतः खाली झोपून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवावे. जो सांधा हलतो पण पुढे हालचाल पोहोचवत नाही, तो गेलेला आहे. पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) बुश आणि यू-बोल्टही आवळून पाहावेत. हे सारे झाल्यावरच व्हील बॅलन्सिंग आणि टो-इन (पुढची चाके समोरच्या बाजूला किंचित आत वळवणे) करावे. टो-इन साधारण एक ते अडीच मिलिमीटर असावे. इतके करूनही स्टिअरिंगमध्ये मोकळेपणा राहिला, तरच बॉक्सकडे वळावे, आणि तेव्हाही आधी त्याचे अ‍ॅडजस्टमेंट करून पाहावे.

प्रश्न : माझ्या जीपचे डिझेल इंजिन धूर देते आणि चढावर दमते. इंजिन कामाचा खर्च ऐकून मी थबकलो. तेवढ्याच पैशात भंगारातून नव्या काळातल्या पिकअपचे टर्बो इंजिन बसवून देतो, असे एक गॅरेजवाले म्हणतात. घ्यावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : घेऊ नये. याची दोन कारणे आहेत आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिले कारण कायद्याचे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा अर्थ अधिक ठामपणे मांडला. त्याच बनावटीचे आणि प्रकाराचे दुसरे इंजिन आरटीओच्या परवानगीने बसवून नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घेणे ही वेगळी गोष्ट; दुसऱ्याच प्रकारचे इंजिन बसवून तसेच चालवत राहणे ही वेगळी. पासिंगच्या वेळी नंबर जुळला नाही तर गाडी अडकेल, आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. ते इंजिन ज्या गाडीतून काढले तिचा इतिहासही आपल्याला ठाऊक नसेल.

दुसरे कारण यंत्राचे. जीपचा गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी), शाफ्टचे क्रॉस (वळते सांधे) आणि मागचा डिफरन्शिअल (दोन बाजूंना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची रचना) हे मूळ इंजिनाच्या ताकदीसाठी बनलेले आहेत. टर्बोची ताकद आली की सर्वांत कमकुवत दुवा तुटतो आणि तो सहसा घाटात तुटतो. मग एकेक भाग बदलत जावे लागते. स्वस्तात केलेला बदल असा हळूहळू सर्वांत महागडा ठरतो. ब्रेक तर जुनेच राहतात.

त्यापेक्षा आहे त्या इंजिनाचे नीट निदान करून घ्यावे. धुराचा रंग पाहावा. काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही: एअर फिल्टर तुंबलेला, नोझल खराब झालेले किंवा पंपाची मात्रा वाढवून ठेवलेली. हे काम तुलनेने स्वस्त आहे. चारही नोझल आणि पंप कॅलिब्रेशन करून घेतल्यावर पुष्कळ गाड्यांची चढावरची दमछाक थांबते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे: रिंग, बोअर किंवा वॉल्व गाइड. पांढरा धूर सकाळी थोडा येणे साहजिक आहे, पण इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरमधले पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट किंवा हेडचा तडा शोधावा. ऑइल भरायचे झाकण काढून इंजिन चालू ठेवावे. तिथून फक्त हलकी वाफ आली तर ठीक, धापा टाकल्यासारखा धूर येत असेल तर रिंगमधून दाब खाली येतो आहे. यानंतर कॉम्प्रेशन तपासावे. त्यात एका सिलिंडरचा आकडा किती आला यापेक्षा चारही सिलिंडरांत फरक किती आहे हे अधिक बोलके असते. चारही सारखेच थोडे कमी असतील तर इंजिन अजून काही वर्षे चालेल. एकच फार कमी असेल तर त्या सिलिंडरच्या वॉल्व किंवा रिंगमध्ये दोष आहे, आणि हेड उतरवून वॉल्व लॅपिंग व हेडला फेस मारणे एवढ्यावरही कधी कधी भागते. पूर्ण इंजिन काम करण्याचीच वेळ आली तर बोअर, क्रँक ग्राइंडिंग आणि बेअरिंगची मापे कारागिराकडून लिहून घ्यावीत. ती मापे कागदावर नसतील तर पुढे वाद झाला की आपल्याजवळ काहीच राहत नाही.

प्रश्न : मला जीपला ३१ इंची टायर आणि चार इंचांचा लिफ्ट करायचा आहे. कमी खर्चात कसे जमेल? (एक वाचक, सातारा)

उत्तर : कमी खर्चात हे नीट जमत नाही, आणि आपल्या कासच्या बाजूच्या रस्त्यांसाठी त्याची गरजही नाही. जीपच्या मूळ ६.००-१६ टायरचा बाहेरचा व्यास आणि २३५/७५ आर १५ या आजच्या रेडिअल टायरचा व्यास जवळपास सारखाच, सुमारे ७३ सेंटिमीटर आहे. ३१ इंची टायर त्याहून साधारण सात टक्क्यांनी मोठा पडतो. म्हणजे स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी ६४ च्या आसपास चाललेली असते, प्रत्येक गिअर तेवढाच लांब होतो, चढावर इंजिन दमते, आणि चाकाचा घेर वाढल्याने त्याच ड्रम ब्रेकची पकड कमी पडते. रुंद टायरमुळे स्टिअरिंग जड होते ते वेगळेच. १५ इंची रिम घेऊन त्यावर चांगल्या नक्षीचे २३५ चे टायर बसवावेत. रिम घेताना पाच बोल्टची १३९.७ मिलिमीटरची मांडणी आणि रिमचा ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसते ते) दोन्ही तपासावे, नाहीतर टायर आत पाट्याला किंवा बाहेर मडगार्डला घासतो. टायरच्या मापात बदल हाही नोंदणीच्या तपशिलाशी संबंधित मुद्दा आहे, तेव्हा खरेदीआधी आरटीओत विचारून घ्यावे.

लिफ्टबाबत माझे मत असे, की बसलेल्या पाट्यांना पुन्हा गोलाई देऊन मूळ उंची आणणे हेच बहुतेक जीपना पुरते. पुष्कळ मालकांना आपली जीप आधीच दोन इंच खाली बसलेली आहे हे ठाऊक नसते. उंची फार वाढवली की शाफ्टचा कोन वाढून क्रॉस लवकर जातात, कास्टर (किंगपिनचा मागे कललेला कोन) बदलून स्टिअरिंग बिघडते, आणि पाटा पूर्ण खाली लोंबला की ब्रेकचा होज ताणला जातो. लांब शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणारी कडी) लावून स्वस्तात उंची मिळवण्याचा उपाय तर मुळीच करू नये.

प्रश्न : समुद्राजवळ राहत असल्याने जीपचा तळ गंजतो. दर पावसाळ्यापूर्वी जुने इंजिन ऑइल खालून मारून घेतो. तरीही पायाखालच्या पत्र्याला भोके पडली आहेत. (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : वापरलेले ऑइल मारणे थांबवावे. त्याने रबरी बुश आणि होज फुगतात, ते पावसात धुपून जमिनीत उतरते, आणि सांध्यांच्या आत, जिथे गंज खरोखर सुरू होतो, तिथे ते पोहोचतच नाही. गंजावरून काळे अंडरकोटिंग मारणे हा त्याहून वाईट उपाय आहे, कारण ओल आत कोंडली जाते आणि पत्रा न दिसता कुजतो.

आधी रबरी मॅट काढून टाकावी. ती पाणी धरून ठेवते. फ्लोअरमधली निचऱ्याची छिद्रे मोकळी करावी. पायाखालचा पत्रा वरून ठिगळ लावून झाकू नये, तर कुजलेला भाग कापून तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा किनाऱ्याला किनारा मिळवून वेल्ड करून घ्यावा. त्याखालच्या आधाराच्या पट्ट्या आणि टब (जीपची पत्र्याची बॉडी) चासीवर बसतो ते बोल्ट हातोडीच्या टोकाने ठोकून तपासावेत. ठणठण आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. बोदा आवाज आला तर वरून दिसत नसले तरी आतून संपलेला आहे. पाट्यांचे हँगर जिथे चासीला रिव्हेट केलेले आहेत, तिथे सर्वाधिक लक्ष द्यावे. तिथला गंज हा दिसण्याचा प्रश्न नाही, चाक गाडीला धरून ठेवण्याचा प्रश्न आहे. तळ गोड्या पाण्याने धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावा, सुटा गंज वायर ब्रशने काढावा, गंज रोखणारे द्रावण आणि एपॉक्सी प्रायमर लावावा, मग रंग, आणि चासीच्या पोकळ भागांत मेणयुक्त रसायन फवारून घ्यावे. हे काम एप्रिल-मे महिन्यात करावे. पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा तळावर साध्या नळाचे पाणी मारत राहिलात तर मीठ साचून राहत नाही.

प्रश्न : लष्कराच्या लिलावातून आलेली जोंगा एक लाख रुपयांत मिळते आहे. दुरुस्तीसाठी दीड लाख ठेवले आहेत. घेऊ का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : जोंगा ही जबलपूरच्या वाहन कारखान्यात बनलेली, ‘निसान पॅट्रोल’ या गाडीच्या घडणीची उत्तम गाडी आहे आणि तिच्याविषयीचे आकर्षण मला समजते. परंतु एवढ्या पैशात ती घेऊ नये. तिचे ३,९५६ सीसीचे सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन फार पेट्रोल पिते, तिचे सुटे भाग महिंद्राच्या भागांसारखे पेठेत सहज मिळत नाहीत, आणि लष्करी गाड्यांची वीजव्यवस्था बहुधा २४ व्होल्टची असल्याने बाजारातले साधे दिवे, मोटर आणि रिले तिला चालत नाहीत. म्हणूनच अनेकांनी जोंगांमध्ये डिझेल इंजिने घातलेली दिसतात, आणि अशा गाडीच्या आरसीवर नेमके काय लिहिले आहे हे पाहिल्याशिवाय इसारही देऊ नये. लिलावाचा कागद म्हणजे नोंदणी नव्हे. आपल्या नावावर रस्त्यावर चालवण्याजोगी नोंदणी होईल याची खात्री आरटीओतून करून घ्यावी. काही विक्रेते ‘व्हिंटेज’ नोंदणीचे आमिष दाखवतात. २०२१ च्या नियमांप्रमाणे ती नोंदणी पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी आहे, आणि तशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही.

अडीच लाखांत आपल्याला डोंगरात फिरायचेच असेल तर चालू कागदांची मारुतीची जिप्सी किंवा एमएम मालिकेतली जीप शोधावी. १९९६ पासून आलेली १,२९८ सीसीची जिप्सी वजनाने हलकी आहे आणि तिचे काम जाणणारे मेकॅनिक अजून जागोजागी आहेत. घेण्यापूर्वी चासी, पुढचा अ‍ॅक्सल आणि कागद या क्रमाने पाहावे. इंजिन सर्वांत शेवटी पाहावे, कारण इंजिनाचे काम करणारे कारागीर मिळतात, कुजलेली चासी मात्र धड करणे फार कठीण असते.

प्रश्न : डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावून घाट उतरलो. खाली आल्यावर फोर बाय फोरचा दांडा निघेना. जोर लावून काढला. काही नुकसान झाले असेल का? (एक वाचक, अकोले)

उत्तर : या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मधे डिफरन्शिअल नसतो. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि डांबरावर चाक घसरून तो फरक भरून काढू शकत नाही. मग सारा ताण शाफ्ट, क्रॉस आणि गिअरच्या दातांमध्ये साठतो. दांडा त्यामुळेच अडकला. पुन्हा असे झाल्यास जोर लावू नये. चाके सरळ ठेवून चार-पाच मीटर मागे घ्यावे, किंवा एका बाजूची चाके कच्च्या पट्टीवर घेऊन थोडे पुढे-मागे करावे, म्हणजे दांडा हलक्या हाताने निघतो. फोर बाय फोर फक्त माती, वाळू, चिखल किंवा खडी अशा सैल जमिनीवरच लावावे. घाट उतरण्यासाठी मोठ्या गिअरऐवजी लहान गिअर पुरेसा आहे.

नुकसानीबाबत दोन गोष्टी तपासाव्यात. दोन्ही शाफ्टचे क्रॉस हाताने फिरवून त्यांत खडखड आहे का ते पाहावे. मग ट्रान्सफर केसचे ऑइल काढून त्यात चकाकणारा लोखंडी चुरा आहे का ते चुंबक फिरवून पाहावे. थोडी करडी भुकटी असणे सामान्य आहे, दातांचे तुकडे असणे नव्हे. याच वेळी गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस या दोन्हींच्या ऑइलची पातळी वेगवेगळी मोजावी, कारण मधले सील झिजले की एकाचे ऑइल दुसऱ्यात जाते आणि एक कोरडा पडतो. दांडा साध्या वापरातही जड राहत असेल तर चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्याच झिजेचे आहेत का, आणि कोणी आधी पुढचा किंवा मागचा डिफरन्शिअल दुसऱ्या रेशोचा बसवला आहे का, हे शोधावे. त्यासाठी गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून आणि फोर बाय फोर काढून अ‍ॅक्सलची दोन्ही चाके जॅकवर उचलावीत, शाफ्टवर खडूची खूण करावी, चाके एकसारखी एक पूर्ण फेरी फिरवावीत आणि शाफ्टचे फेरे मोजावेत. पुढे आणि मागे ते सारखेच आले पाहिजेत.